'सी' भाषेतील आवराआवर : फंक्शन पॉइंटरचा प्रकार जुळावा लागतो तो का?

'सी' भाषेच्या अभ्यासक्रमात फंक्शन पॉइंटर हा भाग बहुधा सत्राच्या अगदी शेवटी येतो. तोवर परीक्षा तोंडावर आलेली असते. अध्यापक फळ्यावर एक-दोन घोषणा लिहून देतात, 'कंसांची जागा चुकवू नका' असे बजावतात आणि प्रकरण संपते. प्रश्नपत्रिकेत त्यावर फार तर चार गुणांचा प्रश्न असतो. परंतु हाच विद्यार्थी पुढे लिनक्सच्या कर्नलसाठी एखादा ड्रायव्हर लिहावयास बसला, की त्याला पानोपानी फंक्शन पॉइंटरच भेटू लागतात आणि चार गुणांची ती शिदोरी पहिल्याच मुक्कामाला संपते.

मी इंदूरला संगणकशास्त्र शिकवितो. या अंकाचा वाचक मात्र मी विद्यार्थिदशेपासूनचा आहे, आणि कन्नड विभागाची पाने मित्राकडून वाचून घेणाऱ्यांपैकी आहे. संपादकांनी अभ्यासाचा एखादा लेख मागितला तेव्हा हाच विषय मनात आला. कारण विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना एक सवय मला वारंवार दिसते : कंपायलरने प्रकाराविषयी तक्रार केली, की तिचे कारण न शोधता कास्ट टाकून त्याचे तोंड बंद करावयाचे. ही सवय सर्वांत महाग पडते ती ड्रायव्हरच्या आवराआवरीत. ते कसे, हे जरा विस्ताराने पाहू.

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कर्नल यांच्यामधला दुभाषा. कळफलक, फोनमधला कॅमेरा, तापमान मोजणारा सेन्सर, प्रत्येकाची बोली निराळी. ती कर्नलला समजेल अशी करून सांगणे हे त्याचे काम. इंदूरकरांना यंत्रे संगणकाच्या हाती देण्याचे भव्य उदाहरण हवे असेल तर राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र गावातच आहे. १९८४ साली पायाभरणी झालेल्या या केंद्रातील इंडस-२ यंत्रात इलेक्ट्रॉन २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेले जातात. (डॉ. रामण्णा मूळचे तुमकूर जिल्ह्याचे, हे कन्नड विभागाच्या वाचकांना मी सांगावयास नको.) आपले उदाहरण मात्र लहान घेऊ : प्रयोगशाळेतला नखाएवढा सेन्सर आणि त्याचा दीडशे ओळींचा ड्रायव्हर.

ड्रायव्हर स्वतःहून चालत नाही. त्यात आपल्या ओळखीचे 'मेन' नसते. तो कर्नलकडे आपल्या फंक्शनांचे पत्ते ठेवून देतो : यंत्र सापडले तर या पत्त्यावर बोलवा, यंत्र काढले तर त्या पत्त्यावर. अशा ठेवून दिलेल्या पत्त्यावरच्या फंक्शनाला कॉलबॅक म्हणतात. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की फंक्शन लिहितो कोण आणि बोलावतो कोण, ही दोन माणसे वेगळी. एक बेळगावात, दुसरा अमेरिकेत. त्यांची भेट होत नाही. दोघांमध्ये करार एकच असतो, आणि तो म्हणजे त्या पॉइंटरचा प्रकार : किती आर्ग्युमेंटे, कोणत्या प्रकारची, आणि परत काय मिळणार.

आता आवराआवर. सेन्सरचा ड्रायव्हर सुरू होताना क्रमाने काही गोष्टी ताब्यात घेतो. आधी थोडी मेमरी, मग सेन्सरला लागणारे क्लॉक चालू करणे, मग इंटरप्टची नोंद. जाताना या सर्व परत करावयाच्या, आणि त्याही उलट क्रमाने. इंदूरचा सराफा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा उलट क्रम शिकवावा लागत नाही. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री दुकाने बंद झाली, की त्यांच्याच दारापुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबीच्या कढया मांडल्या जातात. सकाळी सराफाला दार उघडावयाचे तर रात्रीच्या माणसाने आपली कढई आणि शेगडी आधी उचललेली हवी. शेवटी आला तो आधी निघाला पाहिजे. ड्रायव्हरने हा क्रम मोडला आणि इंटरप्ट चालू असतानाच मेमरी परत केली, तर पुढचा इंटरप्ट आला की हँडलर दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली मेमरी वाचू लागतो. असा दोष दर वेळी दिसत नाही. दिसतो तेव्हा कर्नल कोसळते.

पूर्वी हा उलट क्रम ड्रायव्हर लिहिणाऱ्याने हाताने सांभाळावयाचा असे. फंक्शनाच्या तळाशी लेबलांची एक शिडी असे. तिसरी पायरी फसली तर दुसऱ्या लेबलावर 'गोटू', दुसरी फसली तर पहिल्यावर. 'गोटू वापरू नये' असे पहिल्या वर्षी घोकलेला विद्यार्थी ती शिडी पाहून दचकतो. वस्तुतः ती शिडी वाईट नव्हती. वाईट होते ते तिची एखादी पायरी विसरणे, आणि तसे सर्रास होई. २००७ साली तेजुन हिओ यांनी कर्नलमध्ये 'डेव्हरेस' नावाची व्यवस्था आणली. तिच्यात घेतलेली प्रत्येक गोष्ट यंत्राच्या नावावर यादीत मांडली जाते, आणि यंत्र काढले किंवा सुरुवातच अर्धवट फसली, तर कर्नल ती यादी शेवटापासून वाचत एकेक गोष्ट परत करते. ज्या गोष्टींसाठी तयार सोय नव्हती त्यांच्याकरिता २०१३ मध्ये दिमित्री तोरोखोव्ह यांनी आणखी एक फंक्शन घातले, 'डेव्हएम ॲड ॲक्शन'. त्याला तीन गोष्टी द्यावयाच्या : यंत्र, आवराआवरीच्या फंक्शनाचा पत्ता, आणि त्या फंक्शनाला शेवटी द्यावयाचा एक पॉइंटर. कर्नलला त्या पॉइंटरमागे काय आहे हे ठाऊक नसते. म्हणून त्या फंक्शनाचा प्रकार ठरला तो असा : एक व्हॉइड पॉइंटर घेतो, परत काहीही देत नाही.

येथे आपल्या विद्यार्थ्याची अडचण सुरू होते. क्लॉक बंद करणारे फंक्शन कर्नलमध्ये आहे, त्याचे नाव 'क्लॉक डिसेबल अनप्रिपेअर'. तेही परत काही देत नाही, तेही एकच पॉइंटर घेते. परंतु तो व्हॉइड पॉइंटर नव्हे. तो क्लॉक या स्ट्रक्चरचा पॉइंटर आहे. कंपायलर सांगतो, प्रकार जुळत नाही. विद्यार्थी म्हणतो, एवढेच ना? आणि फंक्शनाच्या नावापुढे कंसात हवा तो प्रकार लिहून कास्ट करून टाकतो. (आमच्या वर्गात दर वर्षी एक जण विचारतोच, की सर, येथेही 'कास्ट' सर्टिफिकेट लागते काय? लागत नाही, आणि अनर्थ नेमका तेथेच होतो. दाखला न मागता कंपायलर आपला शब्द खरा धरतो.)

मग वर्गातला हुशार मुलगा हरकत घेतो. 'व्हॉइड पॉइंटर कोणत्याही डेटा पॉइंटरला चालतो, कास्टसुद्धा लागत नाही, असे आपणच शिकविलेत. मग व्हॉइड पॉइंटर घेणारे फंक्शन आणि क्लॉकचा पॉइंटर घेणारे फंक्शन यांत भेद कसला?' हरकत चांगली आहे, आणि सगळा विषय तिच्या उत्तरात आहे.

क्लॉकचा पॉइंटर व्हॉइड पॉइंटरच्या जागी चालतो, कारण तेथे कंपायलर हजर असतो. त्याला दोन्ही प्रकार दिसत असतात, आणि एकातून दुसऱ्यात रूपांतर करावयाचे असेल तर तो त्या ठिकाणी ते करून देतो. रूपांतर किमतीचे होते. फंक्शन पॉइंटरचे कास्ट केल्यावर मात्र फक्त पत्त्यावरची पाटी बदलते. त्या पत्त्यावर बसलेले फंक्शन जसेच्या तसे राहते. पुढे कर्नल त्या पाटीवर विसंबून व्हॉइड पॉइंटर देते, आणि आतले फंक्शन तो क्लॉकचा पॉइंटर समजून उचलते. मधे रूपांतर करावयास कोणीच नसते. आपल्या अंकाच्या वाचकांना हे सांगणे सोपे आहे. 'मने' हा उच्चार मराठी कानाला अनेक मनांचा, कन्नड कानाला घराचा. ध्वनी तोच, पण बोलणाऱ्याने एका भाषेत बोलावयाचे आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्या भाषेत ऐकावयाचे, असे झाले तर दुभाषा लागतो. कास्ट हा दुभाषा नव्हे. तो समोरच्या माणसाच्या छातीवर 'यांना मराठी येते' अशी चिठ्ठी डकवून निघून जातो.

'सी'चे प्रमाण याबाबत स्पष्ट आहे. एका प्रकारच्या फंक्शन पॉइंटरचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करता येते, परत मूळ प्रकारात आणता येते, आणि परत आणल्यावर तो मूळ पॉइंटरच मिळतो. येथवर सर्व क्षम्य. परंतु रूपांतरित पॉइंटरमधून, मूळ फंक्शनाशी प्रकार जुळत नसताना, कॉल केला तर परिणाम काय होईल याची भाषा हमी देत नाही. आणि प्रकार जुळणे म्हणजे परत मिळणाऱ्या किमतीचा प्रकार जुळणे, आर्ग्युमेंटांची संख्या जुळणे, प्रत्येक आर्ग्युमेंटाचा प्रकार जुळणे. व्हॉइडचा पॉइंटर आणि स्ट्रक्चरचा पॉइंटर हे या अर्थाने जुळणारे प्रकार नाहीत.

हा नियम पंडितांनी छळण्यासाठी केलेला नाही. डेटा जनरल कंपनीच्या इक्लिप्स एमव्ही मालिकेतील संगणकांवर शब्दाचा पत्ता आणि बाइटचा पत्ता यांचे रूपच वेगळे असे. कॅरॅक्टर आणि व्हॉइड पॉइंटर एका रूपात, बाकीचे दुसऱ्या. तेथे वरील कास्ट केलेला कॉल खरोखरच चुकीच्या जागी गेला असता. आज आपल्या टेबलावरच्या इंटेल किंवा फोनमधल्या आर्म प्रोसेसरवर सगळे डेटा पॉइंटर एकाच रूपाचे, एकाच रजिस्टरमधून जाणारे. त्यामुळे कास्ट 'चालते'.

'चालते' या शब्दावर विद्यार्थ्यांची फार भिस्त असते, म्हणून एक वेगळे उदाहरण देतो. सॉर्टिंगसाठी ग्रंथालयात 'क्यूसॉर्ट' आहे. तुलनेसाठी त्याला दोन व्हॉइड पॉइंटर घेणारे फंक्शन द्यावयाचे असते. नावांची यादी लावावयाची, तर विद्यार्थी 'स्ट्रिंग कंपेअर'लाच कास्ट करून देतो. कंपायलर गप्प. यादी मात्र लागत नाही. कारण क्यूसॉर्ट घटकाचा पत्ता देते. घटक स्वतःच कॅरॅक्टर पॉइंटर असल्यामुळे तो पत्ता पॉइंटरचा पॉइंटर ठरतो. स्ट्रिंग कंपेअर त्या पत्त्यावरचे बाइट अक्षरे म्हणून वाचते, आणि नावांऐवजी मेमरीतल्या पत्त्यांची तुलना होते. कास्ट नसते तर कंपायलरने निदान खडा मारला असता. म्हणजे कास्टने केवळ तांत्रिक कुरकूर थांबविली असे नाही, खरी चूक सांगू पाहणारा साक्षीदारही गप्प केला.

आता गेल्या काही वर्षांत काय बदलले ते सांगतो, कारण 'चालते' हे उत्तर आता चालेनासे झाले आहे.

कर्नलवर हल्ला करणाऱ्यांचा एक जुना मार्ग असा, की मेमरीतला एखादा फंक्शन पॉइंटर खोडून त्याजागी आपल्याला हवा तो पत्ता लिहावयाचा. पुढे कर्नल इमाने इतबारे त्या पत्त्यावर उडी घेते. याला आळा घालण्यासाठी क्लँग या कंपायलरात एक तपासणी आली. तिला सीएफआय म्हणतात. तिचे कर्नलसाठीचे रूप केसीएफआय, ते २०२२ च्या अखेरीस लिनक्स ६.१ मध्ये आले. रीत साधी आहे. प्रत्येक फंक्शनाच्या प्रकारावरून कंपायलर चार बाइटांची एक संख्या काढतो आणि ती फंक्शनाच्या प्रवेशाच्या आधी मेमरीत ठेवतो. पॉइंटरमधून कॉल करण्यापूर्वी, कॉल करणाऱ्याला अपेक्षित प्रकाराची संख्या आणि दारावरची संख्या ताडून पाहिली जाते. जुळली तर आत प्रवेश. नाही तर तेथेच यंत्र थांबविले जाते. चोराला अडविण्यासाठी ठेवलेला हा पहारेकरी घरच्या माणसालाही ओळखपत्र मागतो. व्हॉइड पॉइंटर घेणाऱ्या फंक्शनाची संख्या निराळी, क्लॉकचा पॉइंटर घेणाऱ्याची निराळी. आपले कास्ट केलेले आवराआवरीचे फंक्शन त्याच्या दृष्टीने चोरच. ही गोष्ट परदेशातल्या प्रयोगशाळांपुरती नाही. २०१८ साली आलेल्या गूगलच्या पिक्सेल ३ या फोनच्या कर्नलमध्ये सीएफआयची तपासणी होती, आणि तेव्हापासून अँड्रॉइड त्याच वाटेने गेले आहे.

कंपायलरांच्या इशाऱ्यांतही फरक आहे, तो ओळखून असावे. जीसीसीने २०१८ मध्ये, आठव्या आवृत्तीत, फंक्शनांच्या कास्टबद्दल इशारा देण्यास सुरुवात केली. पण त्याच्या लेखी कोणताही पॉइंटर कोणत्याही पॉइंटरशी जुळतो, त्यामुळे आपले क्लॉकचे कास्ट त्याच्या जाळ्यातून निसटते. क्लँगच्या सोळाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, त्याच इशाऱ्याचे कडक रूप मिळते आणि ते हे कास्ट पकडते. त्यानंतर २०२४ मध्ये कर्नलच्या निरनिराळ्या ड्रायव्हरांतून अशी कास्टे काढून टाकणाऱ्या दुरुस्त्यांची रांगच लागली. काही कास्टे वर्षानुवर्षे तेथे होती आणि 'चालत' होती.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण आपल्या प्रयोगशाळांना ते लगेच भोवणार आहे. जुन्या पुस्तकांतून रिकामे कंस असलेली फंक्शने दिसतात. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकातल्या 'सी'मध्ये आर्ग्युमेंटांचे प्रकार घोषणेत लिहावयाची सोयच नव्हती, आणि रिकामे कंस म्हणजे 'आर्ग्युमेंटांविषयी काही सांगत नाही' असा अर्थ होता. तोच अर्थ पुढे चाळीसेक वर्षे टिकला. सी-२३ या प्रमाणाने तो रद्द केला. आता रिकामे कंस म्हणजे 'एकही आर्ग्युमेंट नाही'. जीसीसीची २०२५ मधली पंधरावी आवृत्ती मुळातच सी-२३ धरून चालते. परिणामी, रिकाम्या कंसांचा सिग्नल हँडलर लिहून तो 'सिग्नल'ला द्यावयाचा, हा प्रात्यक्षिकाच्या वहीतला पिढीजात प्रोग्राम तेथे कंपाइलच होत नाही. हँडलरला एक इंट मिळतो, तो कंसात लिहिला की काम झाले. पण मला माहीत आहे, की काही वह्यांत तेथेही कास्टच चढेल.

असो. आता आवराआवरीच्या फंक्शनांतच हा दोष अधिक घातक का, ते पाहू. सुरुवातीच्या फंक्शनाचा प्रकार चुकला, तर मॉड्यूल चढविताच कळते. वाचनाचा चुकला, तर पहिल्या वाचनाला कळते. आवराआवरीचा पॉइंटर मात्र नुसता यादीत पडून असतो. पहारेकरी तपासतो तो कॉलच्या क्षणी, नोंदीच्या क्षणी नव्हे. म्हणजे ड्रायव्हर व्यवस्थित चढतो, सेन्सर आकडे देतो, प्रात्यक्षिक होते, गुण मिळतात, आणि मॉड्यूल उतरविण्याची आज्ञा कोणी देतच नाही. प्रकल्पांच्या परीक्षेत 'आता हे काढून दाखवा' असे म्हणणारा परीक्षक मला क्वचितच भेटला आहे. मी तसे म्हणू लागल्यापासून मुले मला जरा टाळतात.

आणि उतरविण्याची आज्ञा दिली नाही म्हणून ते फंक्शन चालतच नाही, असेही नाही. समजा, ड्रायव्हरने क्लॉक चालू केले, आवराआवरीची नोंद केली, आणि पुढची गोष्ट मागितली तर तिचा पुरवठा करणारा ड्रायव्हरच अजून जागा झालेला नाही. तेव्हा आपला ड्रायव्हर 'नंतर येतो' असे सांगून परततो, आणि कर्नल पुढे पुन्हा प्रयत्न करते. परतताना मात्र यादी उलटी वाचली जाते, आणि आपले फंक्शन बोलावले जाते. फोन सुरू होताना असे अनेकदा घडते. ड्रायव्हरांचा क्रम जराशाने बदलला, की काल सुखरूप चालू झालेले यंत्र आज चालू होतानाच थांबते. दोष शोधणारा बिचारा क्रम बदलणाऱ्याला धरतो.

उपाय दोन ओळींचा आहे. आपले स्वतःचे एक छोटे फंक्शन लिहावयाचे. त्याचा प्रकार कर्नलला हवा तसाच : एक व्हॉइड पॉइंटर घेतो, परत काही देत नाही. आत तो पॉइंटर 'क्लॉक डिसेबल अनप्रिपेअर'ला द्यावयाचा. व्हॉइड पॉइंटरचे क्लॉकच्या पॉइंटरमध्ये रूपांतर येथे कंपायलरच्या देखत होते, कास्ट लिहावे लागत नाही. नोंद या वेष्टनाची करावयाची, मूळ फंक्शनाची नव्हे. यात वेळ जातो काय, असे विचारतात. बहुधा एक उडी अधिक. आणि यंत्र काढताना एकदाच होणाऱ्या कामात ती वाचवून काय करावयाचे? नोंदीसाठी 'डेव्हएम ॲड ॲक्शन ऑर रीसेट' हे रूप वापरावे. नोंदच फसली तर ते त्याच क्षणी आवराआवर करून परतते. साध्या रूपात तो प्रसंग आपण सांभाळावयाचा असतो आणि तो हमखास राहून जातो. क्लॉकपुरते बोलावयाचे तर वेष्टनाचीही गरज आता उरलेली नाही. क्लॉक मिळविणे, चालू करणे आणि जाताना बंद करणे हे एकत्र करणारे तयार फंक्शन २०२२ मध्ये कर्नलमध्ये आले. अनेक ड्रायव्हरांतली ती वेष्टने, आणि ती कास्टेही, त्यामुळे गेली. पण रेग्युलेटर, रीसेटची तार, स्वतःचे एखादे स्ट्रक्चर अशा बाबतीत कोठे ना कोठे वेष्टन लागतेच.

टायमरांच्या बाबतीत कर्नलने याहून मूलगामी मार्ग घेतला. पूर्वी टायमरचा कॉलबॅक एक अनसाइन्ड लाँग घेई आणि प्रत्येक ड्रायव्हर त्यात आपला पॉइंटर कोंबून पाठवी. २०१७ मध्ये तो करारच बदलला. आता कॉलबॅकला टायमरचाच पॉइंटर मिळतो, आणि टायमर ज्या मोठ्या स्ट्रक्चरमध्ये बसला आहे त्याचा पत्ता अंतर मोजून काढला जातो. शेकडो फायली त्यासाठी बदलाव्या लागल्या. आवराआवरीच्या वेळी टायमर नुसता थांबवून भागत नाही, चालू असलेला कॉलबॅक संपेपर्यंत वाटही पाहावी लागते; तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

प्रकार म्हणजे करार हे मी वर म्हटले, त्याचे आणखी एक उदाहरण मला फार बोलके वाटते. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचे 'रिमूव्ह' हे फंक्शन अनेक वर्षे इंट परत देत असे. इंट दिसला की माणसाला वाटते, येथे अपयश कळविता येते. म्हणून ड्रायव्हर लिहिणारे आवराआवरीत मधेच काही बिघडले, की त्रुटीचा आकडा परत देऊन बाहेर पडत, उरलेली कामे तशीच टाकून. कर्नलला तो आकडा घेऊन करण्यासारखे काहीच नव्हते. यंत्र तर निघालेलेच असे. परिणाम एवढाच, की उरलेल्या गोष्टी कोणाच्याच नावावर न राहता अडकून पडत. सामान घेऊन निघालेल्या भाडेकरूने 'खोली रिकामी करता आली नाही' असे सांगून भागत नाही. २०२३ पासून एकेक करून ड्रायव्हर नव्या प्रकारावर आणले गेले आणि २०२४ मध्ये 'रिमूव्ह' परत काहीही न देणारे झाले. शेकडो ड्रायव्हरांत हात घालावा लागला, तो एका परतीच्या प्रकारासाठी. हे काम कास्ट टाकून एका दिवसात 'झाले' असते.

परतीच्या प्रकाराचा प्रश्न नेटवर्क ड्रायव्हरांतही आला होता. पॅकेट पाठविणाऱ्या कॉलबॅकने एक विशिष्ट इनम परत द्यावयाचा, आणि कित्येक ड्रायव्हर तेथे इंट लिहीत. इंट आणि तो इनम यांचे बिट सारखेच, म्हणून कंपायलरची नेहमीची तपासणी ते सोडून देई. केसीएफआयने सोडले नाही, आणि २०२२ मध्ये तेही एकेक करून सुधारावे लागले.

ज्या महाविद्यालयांत लिनक्सची प्रयोगशाळा आहे, तेथे एक प्रात्यक्षिक जरूर करून पाहावे. एक छोटे मॉड्यूल लिहा, जे स्वतःच एक लुटुपुटूचे प्लॅटफॉर्म यंत्र नोंदवील आणि त्यावर आवराआवरीची एक कृती ठेवील. ती कृती मुद्दाम आपल्या स्ट्रक्चरचा पॉइंटर घेणारी ठेवा आणि कास्ट करून द्या. नेहमीच्या जीसीसीने बांधलेल्या कर्नलवर ते चढेल आणि निमूट उतरेल. मग क्लँगने, सीएफआयचा पर्याय चालू करून, कर्नल बांधा आणि ते क्यूईएमयूच्या आभासी यंत्रात चालवा. प्रयोगशाळेच्या खऱ्या यंत्रावर नको. याच पर्यायाची एक सौम्य तऱ्हा आहे, तिच्यात यंत्र थांबत नाही, फक्त इशारा छापला जातो. वर्गासाठी ती सोयीची. मॉड्यूल चढविताना काहीही दिसणार नाही. उतरविताना कर्नलच्या नोंदीत सीएफआय फसल्याची ओळ येईल. तिच्यात तीन गोष्टी असतात : कॉल कोठून झाला (येथे डेव्हरेसची कृती सोडणारे फंक्शन), कोणत्या फंक्शनाकडे चालला होता (तुमचे), आणि अपेक्षित प्रकाराची संख्या. त्या वहीत उतरवून घ्या. नंतर दोन ओळींचे वेष्टन घालून तेच मॉड्यूल पुन्हा चढवा-उतरवा, आणि सुरुवातीच्या फंक्शनात नोंदीनंतर लगेच मुद्दाम त्रुटी परत देऊनही पाहा, म्हणजे यादी उलटी वाचली जाते तेव्हा उतरविण्याची आज्ञा न देताच आपले फंक्शन कसे बोलावले जाते, तेही दिसेल.